सात किलो युरेनियम आणि एक न दिसणारा आकडा

मे 2021 मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने ठाण्यातला एक आणि मानखुर्दचा एक अशा दोघांकडून 7 किलोंहून थोडं अधिक युरेनियम जप्त केलं. बातमीत दोन आकडे ठळक होते. किंमत 21 कोटी रुपये, आणि बीएआरसीच्या (ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) तपासणीनुसार शुद्धता 90 टक्क्यांच्या वर. कोरोनाच्या निर्बंधांचे दिवस, घरात बसलेली माणसं, हातात मोबाइल. संध्याकाळपर्यंत घोडबंदरपासून कामोठ्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘आपल्या शेजारी अणुबॉम्ब’ फिरू लागला होता.

हे दोन्ही आकडे जरा तपासून बघण्यासारखे आहेत. बॉम्बच्या संदर्भात जे 90 टक्के म्हणतात ते युरेनियम-235 या एका समस्थानिकाचं (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या प्रकाराचं) प्रमाण. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये ते असतं जेमतेम 0.7 टक्के, बाकी जवळजवळ सगळं 238. ते 0.7 वरून 90 वर न्यायला हजारो सेंट्रिफ्यूज (हलका आणि जड भाग वेगळे करणारी, गरगर फिरणारी यंत्रं) आणि पाठीशी एक अख्खं सरकार लागतं. जप्त मालाची 90 टक्के शुद्धता म्हणजे त्या तुकड्यात युरेनियमशिवाय दुसरी भेसळ फारशी नव्हती, एवढंच. दोन्हीकडे 90 दिसल्यावर लोकांनी आपापला अर्थ लावून घेतला, आणि बहुतेक बातमीदारांनी तो लावू दिला.

आता किंमत. त्या सुमाराला जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला 30 डॉलरच्या आसपास होता. त्या भावाने 7 किलो युरेनियमचा हिशेब पन्नास हजार रुपयांतही बसतो. धातूच्या रूपात आणायचा खर्च वर धरला तरी कोटीच्या आसपासही पोचत नाही. काळ्या बाजारात सांगितला जाणारा कोटींचा भाव त्याच वर्गातला, ज्या वर्गात मांडूळ साप आणि राइस पुलर (तांदूळ ओढतं म्हणून विकलं जाणारं ‘चमत्कारी’ भांडं) यांचे भाव असतात. ठाण्याच्या गुन्हेवृत्तांत हे तिन्ही आलटून पालटून येत असतातच. त्याच वर्षी झारखंडमध्ये बोकारोला सहा किलोंहून अधिक ‘युरेनियम’ पकडलं गेलं, आणि प्रयोगशाळेत ते युरेनियमच नव्हतं, किरणोत्सारीसुद्धा नव्हतं, हे परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सांगावं लागलं. पकडल्याची बातमी पहिल्या पानावर. खुलासा कुठे आला होता ते शोधावं लागतं.

म्हणजे सगळं थोतांड होतं का? नाही, आणि इथेच माझं त्या ‘काही घाबरू नका’ म्हणणाऱ्या मंडळींशीही जमत नाही. ठाणे-मानखुर्दचा माल खरोखर युरेनियम होता. त्याआधी डिसेंबर 2016 मध्ये ठाण्याच्या पोलिसांनी पकडलेले नऊ किलोंच्या आसपासचे तुकडेही खरे होते. ते क्षीण युरेनियम, म्हणजे 235 काढून घेतल्यावर उरलेलं. शिशाहूनही जड असल्यामुळे ते औद्योगिक रेडिओग्राफीच्या, म्हणजे धातूच्या आतले दोष किरणांनी शोधण्याच्या, कॅमेऱ्यांत कवच म्हणून वापरतात, जुन्या विमानांत वजन साधायलाही वापरायचे. अशा वस्तूची नोंद असते, परवाना असतो, ती परत कुठे करायची हेही ठरलेलं असतं. तरी ती भंगाराच्या वाटेला लागली. 2021 च्या प्रकरणातही धागा भंगाराच्या धंद्यापर्यंत जात होता. विचारायला हवं होतं ते हे, की नोंदीतून ती सुटली कुठे. आपण विचारलं, बॉम्ब किती मोठा झाला असता.

युरेनियमची भीती कशाची बाळगावी, हेही नीट कळलेलं बरं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा पदार्थ विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 447 कोटी वर्षं. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण अर्धायुष्य जितकं लांब तितका पदार्थ सावकाश किरणं सोडतो. त्याचे अल्फा कण कातडीच्या वरच्या थरातच अडकतात. तुकडा उघड्या हाताने घासू नये, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ नये, कारण पोटात गेलेलं युरेनियम आधी मूत्रपिंडाला त्रास देतं, तेही शिसं किंवा कॅडमियम देतं तसा, रसायन म्हणून. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला त्या तुकड्यापासून फारसं काही होत नाही.

उलट इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचं अर्धायुष्य 74 दिवस आणि कोबाल्ट-60 चं सव्वापाच वर्षं. हे दोन्ही आपल्या भागात रोज रस्त्यावरून जातात. बॉयलर, पाइपलाइन, टाक्या यांचे वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियमचे कॅमेरे लागतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोजा एमआयडीसीत त्यांना तोटा नाही. देशभर असे स्रोत पुरवणारी ब्रिट ही सरकारी संस्था वाशीच्या सेक्टर 20 मध्ये आहे, आणि तिथेच 2000 सालापासून मसाल्यांवर किरणांची प्रक्रिया करणारा प्रकल्पही चालतो. वाशीत राहून मसाला बाजारात खरेदी करणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माल किरणोत्सारी होत नाही, फक्त त्यातले जंतू मरतात. तरी हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं, हे खरं.

रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यातला स्रोत पेन्सिलीच्या टोकाएवढा असतो. तो कवचाबाहेर पडला आणि कुणी चमकता तुकडा म्हणून खिशात टाकला, तर काही तासांत मांडीची कातडी जळते आणि दवाखान्यात डॉक्टर आधी किडा चावल्याचं औषध देतो. अशी प्रकरणं जगभर घडली आहेत. आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं दिल्लीतलं. मायापुरीच्या भंगार बाजारात एप्रिल 2010 मध्ये कोबाल्ट-60 निघालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, 1985 पासून बंद पडलेलं एक गॅमा यंत्र लिलावात गेलं होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. एक कामगार मेला, सात जण दवाखान्यात पडले. उच्चशिक्षितांनी विकलं, अशिक्षितांनी भोगलं.

त्याच्या दीड वर्ष आधीची एक गोष्ट तर आपल्या उंबरठ्यावरची आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं. तिथल्या कारखान्यातल्या कामगारांना सामान्य नागरिकासाठीच्या वर्षाच्या मर्यादेहून जास्त मात्रा मिळाली होती. बटणांचं पोलाद भारतातून आलेलं, आणि माग काढत काढत तपास पोचला खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. कुठल्यातरी टाकाऊ यंत्रातला कोबाल्ट भंगारातून भट्टीत गेला आणि पोलादात मिसळला. पनवेलहून तासाभराच्या अंतरावर हे घडलं, आणि पकडलं फ्रान्सने. आपल्याकडच्या भट्टीच्या दारात एक साधा किरणोत्सार-मापक असता तर ट्रक तिथेच थांबला असता. त्यानंतर बंदरांवर आणि मोठ्या पोलाद कारखान्यांत किरणोत्सार टिपणाऱ्या कमानी बसू लागल्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तुर्भ्यात, डोंबिवलीत, भिवंडीत जो माल टेंपोने येतो आणि टेंपोनेच जातो त्याचं काय, ते मात्र तसंच राहिलं.

मला भीती वाटते ती या टेंपोची. खाडीपलीकडच्या डोंगराची कमी वाटते.

पण त्या डोंगराबद्दलही बोलायला हवं, कारण नवी मुंबईतली निम्मी अफवा तिथूनच सुरू होते. पाम बीचवरून फिरायला जाणारा माणूस पलीकडे ट्रॉम्बे बघत असतो. तिथे बीएआरसीच्या अणुभट्ट्या: 1956 ची अप्सरा, 1960 ची सायरस, 1985 ची ध्रुव. सायरस 2010 च्या शेवटी कायमची बंद झाली, ध्रुव चालू आहे. खाडीच्या अलीकडे दिवाळे, सारसोळे, वाशीगाव. आगरी-कोळी माणूस इथे अणुभट्टी यायच्या आधीपासून जाळं टाकतो आहे. खाडीच्या गाळात सीझियम हा किरणोत्सारी पदार्थ किती, कुठे, यावर बीएआरसीच्याच शास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिलेले आहेत. इंग्रजीत, नियतकालिकांत, बेकरेल प्रति किलो या एककात. ज्याच्या पाटीत त्या गाळावरची कोळंबी येते त्याच्यापर्यंत त्यातला एक आकडा मराठीत पोचलेला नाही. मासळी बाजारात कुणी एखादा व्हिडिओ दाखवून ‘ही कोळंबी बीएआरसीच्या पाण्यातली’ म्हटलं, तर त्या मावशीने उत्तर द्यायचं कशाच्या जोरावर?

लोक अडाणी आहेत म्हणून घाबरतात, हे अधिकाऱ्यांचं आवडतं स्पष्टीकरण. मला ते पटत नाही. याच नवी मुंबईत लोक हवेचा एक्यूआय तोंडपाठ सांगतात. तुर्भे-कोपरखैरणेला रात्री वास आला की सकाळी स्क्रीनशॉट हजर. पाच वर्षांपूर्वी पीएम 2.5 म्हणजे काय हे विचारणारे आज 80 ठीक आणि 200 च्या वर वाईट असं बिनचूक बोलतात. हे शहाणपण कुठल्या जनजागृती सप्ताहातून आलं नाही. रोज आकडा समोर दिसत राहिला म्हणून आलं. ताप मोजायचा तर आधी नेहमीचं अंग किती गरम असतं ते हाताला ठाऊक लागतं; किरणोत्साराच्या बाबतीत आपल्या हाताला ते ठाऊकच नाही.

खरं तर मोजमाप होतंय. बीएआरसीने देशभर आयर्मॉन नावाचं जाळं उभं केलेलं आहे. सौरऊर्जेवर चालणारी छोटी यंत्रं, त्यांत किरणं मोजणारी गायगर नळी, दर काही मिनिटांनी गॅमा किरणांच्या मात्रेचा आकडा मोबाइल जाळ्यावरून मध्यवर्ती केंद्राकडे. आपल्याच शास्त्रज्ञांनी केलेलं, उत्तम काम आहे. पण शहरातल्या चौकातल्या हवेच्या फलकावर त्या आकड्याची ओळ माझ्या पाहण्यात तरी नाही. जर्मनीत असे सुमारे 1,700 मापक आहेत आणि कुठल्याही गावातला आकडा कुणीही घरी बसून बघू शकतो. जपानमध्ये फुकुशिमानंतर सरकारवर विश्वास उरला नाही तेव्हा सेफकास्ट या नावाने नागरिकांनीच गाड्यांवर मापक लावून रस्ते मोजायला घेतले. आपल्याकडे विश्वास उडेपर्यंत थांबायची गरज नाही.

आकडा न दिसल्यावर काय होतं, ते आमच्या नेरुळच्या सोसायटीतल्या प्रकारावरून सांगतो. एका काकांच्या मुलाने ऑनलाइन तीन-चार हजारांचा गायगर मापक मागवला. गच्चीवर ताशी 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक) आसपास, जिन्यात तेवढाच, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला तर 0.28. अलार्मची पातळी त्याने स्वतःच 0.25 वर लावून ठेवली होती, त्यामुळे यंत्र किंचाळू लागलं. तासाभरात फोटो ग्रुपवर, आणि रात्री एक बाई गंभीरपणे विचारत होत्या की ओटा फोडायचा खर्च बिल्डरकडून मिळेल का. ओटा दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम थोडं जास्त असतंच. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट त्या मानाने फार सौम्य खडक. शिवाय स्वस्तातली नळी जवळ टेकवली की जास्तच मोजते. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं काही ठिकाणी वर्षाला कित्येक दहा मिलिसिव्हर्ट (एक मिलि म्हणजे हजार मायक्रो) घेतात. जगाची नैसर्गिक सरासरी 2.4. छातीचा एक्स-रे 0.1 च्याही आत, छातीचा सीटी स्कॅन 7 च्या आसपास. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. खाली तिघांनी हात जोडलेले पाठवले, आणि त्याच्याखाली ओट्याचा फोटो पुन्हा फॉरवर्ड झाला.

पावसाचंही असंच. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत गॅमा मापकाचा आकडा वर जातो. हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून तयार झालेले शिसं-214 आणि बिस्मथ-214 पावसाबरोबर खाली येतात. एकाचं अर्धायुष्य 27 मिनिटं, दुसऱ्याचं 20. दोन-तीन तासांत आकडा पूर्ववत. वर्षभर रोज आलेख बघणाऱ्या माणसाला हा फुगवटा ओळखीचा होतो. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा आकडा बघितला, तोही पावसाच्या दिवशी, त्याच्यासाठी ती ‘ट्रॉम्बेची गळती’. खारघरला टाटाच्या केंद्रात आयोडीन-131 घेऊन घरी निघालेला थायरॉइडचा रुग्ण विमानतळावरच्या किरणोत्सार टिपणाऱ्या कमानीतून गेला तर तीही वाजेल. वाजणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे अपघात नसतो. मात्र कुठलं वाजणं अपघाताचं, हे ठरवणारी आणि लगेच सांगणारी व्यवस्था हवी, आणि तिच्यावर विश्वास ठेवता यावा असा तिचा इतिहास हवा.

इथे आपली बाजू लंगडी आहे. 1983 मध्ये अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी, स्थापन झाली ती सरकारी आदेशाने, संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नाही; कायद्याचा आधार तिला थेट डिसेंबर 2025 मध्ये संमत झालेल्या अणुऊर्जा कायद्यात मिळाला. 2000 मध्ये बीएआरसीतल्या सुविधा तिच्या कक्षेतून काढून बीएआरसीच्याच अंतर्गत सुरक्षा समितीकडे दिल्या. म्हणजे नवी मुंबईच्या समोर जे उभं आहे त्याची तपासणी तेच करणार. अण्वस्त्रांशी संबंध असलेल्या जागेची काही गुपितं असणार, हे मान्य. पण कुंपणाबाहेरच्या हवेतला गॅमा आकडा हे गुपित कसं होतं? 2012 मध्ये कॅगने एईआरबीच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं, आणि जाता जाता हेही नोंदवलं की देशातली 91 टक्के वैद्यकीय एक्स-रे यंत्रं नोंदणीशिवाय चालू होती. नंतर नोंदणी वाढली, ई-प्रणाली आली. तरी सामान्य माणसाला रोज ज्या किरणांशी गाठ पडते ती गल्लीतल्या क्लिनिकमध्ये, आणि त्यावर एकही मेसेज फॉरवर्ड झालेला मला आठवत नाही.

मे 2025 मध्ये भारताच्या हवाई हल्ल्यांनंतर पाकिस्तानातल्या किराणा नावाच्या टेकड्यांमधून किरणोत्सार पसरल्याची आवई उठली तेव्हा आपल्याकडे आनंद आणि घाबरगुंडी एकदमच चालू होती. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे ती विझली. व्हिएन्नातून खुलासा येईपर्यंत मुंबई-ठाण्यातल्या एकाही खात्याने ‘आपल्याकडचा आजचा आकडा हा असा, कालच्याइतकाच’ असं एका ओळीत सांगितलं नाही. आकडे त्यांच्याकडे होते. त्याच महिन्यात नागरी संरक्षणाच्या सरावासाठी जी यादी निघाली तिच्यात मुंबई, उरण आणि तारापूर पहिल्या श्रेणीत होते. तारापूर 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं; तिथली गावं अणुवीज केंद्राचे आणीबाणीचे सराव अनेक वर्षांपासून बघताहेत. भोंगा वाजल्यावर घरात जा, खिडक्या लावा, झाकलेलं पाणी प्या, हे तिथल्या माणसाला माहीत असतं. ऐरोलीच्या विसाव्या मजल्यावरच्या माणसाला भोंग्याचा अर्थ ठाऊक नाही.

इशारा कसा द्यावा याचा धडा पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2023 च्या जानेवारीत घालून दिला. 8 मिलिमीटर लांबीची, सीझियम-137 ची एक कुपी ट्रकमधून 1,400 किलोमीटरच्या रस्त्यात कुठेतरी पडली. आरोग्य खात्याने कुपीचं चित्र, तिचा आकार, किती लांब राहावं, सापडली तर कुणाला फोन करावा, हे सगळं छापलं. 1 फेब्रुवारीला ती रस्त्याकडेला मिळाली. आपल्याकडे साधन नाही असंही नाही. 2023 मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले होते, चाचणी संदेश म्हणून. तीच यंत्रणा एका मोबाइल टॉवरच्या परिसरापुरती, मराठीत वापरता येते. मग मजकूर आधी लिहून ठेवलेला असावा, आणि ‘धोका नाही’ हा संदेशही तितक्याच तातडीने जावा.

राहिलं पाणी. नोव्हेंबर 2025 मध्ये बिहारमधल्या 40 मातांच्या दुधात युरेनियम सापडल्याची बातमी आली आणि इथल्या बाळंतिणींचे प्रश्न सुरू झाले. त्यात सापडलेलं सर्वाधिक प्रमाण लिटरला 5.25 मायक्रोग्रॅम, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 30 आहे, आणि आपल्या पाण्याच्या मानकातही आता तीच. भूजलात युरेनियम वाढतं ते मुख्यतः ग्रॅनाइटी खडक, त्यांची वाहून आलेली माती आणि बेसुमार उपसा यांमुळे. पंजाब, राजस्थानचे काही भाग त्यात सापडतात. नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी आहे, पावसाचं, बेसाल्टवरचं. त्याबद्दल झोप उडवून घ्यायचं कारण नाही. घोडबंदरच्या टँकरचं तेवढ्या खात्रीने सांगवत नाही, कारण तो कुठल्या बोअरचा ते टँकरवालाही सांगत नाही. युरेनियमपेक्षा त्यात मैला आणि नायट्रेट असण्याची शक्यता कितीतरी जास्त, हे आपलं उगाच सांगून ठेवतो.

महापालिका आयुक्तांनी दर वर्षी 31 जुलैच्या आत पर्यावरण स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा, असं कायद्यातच आहे. ठाणे आणि नवी मुंबई, दोघांच्याही अहवालांत हवा असते, आवाज असतो, खाडीचं पाणी असतं, फ्लेमिंगोंचे फोटो तर असतातच. त्यात एक पान घाला. शहरातल्या आयर्मॉन केंद्रांचा वर्षभराचा गॅमा आलेख, पावसातल्या फुगवट्यासकट. खाडीच्या गाळाचे आणि मासळीचे आकडे, शेजारी मर्यादा. बोअर आणि टँकरच्या पाण्यातलं युरेनियम. हद्दीतल्या रेडिओग्राफी कंपन्या किती, त्यांचे किती स्रोत परत गेले आणि किती जायचे राहिले. आणि कळंबोली-तुर्भ्याच्या भंगार गोदामांत हातातले मापक किती दिले, किरणोत्साराची तीन पात्यांची पिवळी खूण ओळखायला किती हमालांना शिकवलं, तशी वस्तू सापडली तर मालाची भरपाई कोण देणार. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. ज्या भंगारवाल्याला वस्तू दाखवल्यावर पोलिसांची चौकशी आणि मालाचं नुकसान दिसतं, तो ती दाखवत नाही. रात्री गुपचूप दुसऱ्याच्या टेंपोत टाकतो.